चहाच्या डब्यात स्पीकर, सोफ्यावर ओबीचं कापड: जपानी कारागिरांनी एवढं बदलावं का?

रानपाखरू

क्योतोत काइकादो नावाचं घराणं १८७५ पासून चहाचे डबे बनवतंय. तांबं, पितळ नाहीतर कथलाचा मुलामा दिलेला पत्रा, आणि डब्याची घडण जवळपास तीच जी पहिल्या पिढीने ठरवली. त्याचं झाकण नुसतं काठावर ठेवायचं आणि हात काढून घ्यायचा, आतली हवा बाहेर ढकलत ते आपल्याच वजनाने सावकाश खाली उतरतं आणि बसतं. आतल्या आणि बाहेरच्या नळकांड्यामधली फट इतकी नेमकी असते म्हणून हे होतं, आणि तेवढ्यासाठी एकेका डब्यावर १३० च्या वर कामं करावी लागतात. तर २०१९ मध्ये यांनी पॅनासॉनिकबरोबर तोच डबा ब्लूटूथ स्पीकर म्हणून काढला. झाकण उचललं की गाणं सुरू, झाकण बसलं की बंद. फक्त १०० नग, किंमत ३ लाख येन.

मी हे घरी दाखवलं तर "हे काय नवीन खूळ" असंच ऐकायला मिळालं, म्हणून इथे विचारतेय. माझं मत स्पष्ट आहे, झाकण तसंच उतरतंय ना, मग ते काम येणारा माणूस अजून कामावर आहे आणि त्याच्या हाताखाली कोणीतरी शिकतंय, आत चहा असो नाहीतर स्पीकर.

दुसरं उदाहरण निशिजिनच्या, म्हणजे क्योतोतल्या विणकरांच्या भागातल्या होसोओंचं. १६८८ पासूनचं विणकर घराणं. किमोनोवर बांधतात तो ओबी साधारण ३२ सेंटीमीटर रुंद, त्यामुळे मागही तेवढेच. आता हे कापड भिंतीला किंवा सोफ्याला लावायचं तर जोडच जोड दिसणार, म्हणून त्यांनी २०१० मध्ये १५० सेंटीमीटर रुंदीचं कापड विणणारा माग स्वतःच तयार करून घेतला आणि जुनी रीत, म्हणजे कागदावर सोन्याचांदीचा वर्ख चिकटवायचा, तो कागद दोऱ्याइतका बारीक कापायचा आणि तो विणायचा, ही त्यावर चढवली. ते कापड डिओरच्या दुकानांमधून भिंतींवर लागलं. किमोनो नेसणारे कमी झाले यात विणकराचा काय दोष? त्याने काय करायला हवं होतं असं तुम्हाला वाटतं?

मातीकाम

दोष विणकराचा नाहीच, पण तुम्ही दिलेल्या दोन्ही उदाहरणांत गिऱ्हाईक कोण आहे ते बघा ना. एक ३ लाख येनचा स्पीकर घेणारा, दुसरा डिओर. जपानमध्येच शंभर वर्षांपूर्वी सोएत्सु यानागी नावाच्या माणसाने आयुष्यभर हेच सांगितलं की रोजच्या जेवणातला वाडगा, लोणच्याची बरणी, शेतकऱ्याच्या घरातली चादर, जी कोणा अनामिक कारागिराने भराभर, स्वस्तात, शेकड्याने केली त्यातच खरं सौंदर्य आहे. त्यासाठी त्यांनी १९३६ मध्ये तोक्योत कोमाबाला संग्रहालय काढलं, ते अजून चालू आहे. त्यांचे मित्र शोजी हामादा माशिको गावात जाऊन राहिले, तिथलीच साधी माती आणि तिथलेच रंग वापरले, आणि भांड्यावर सहीसुद्धा करत नसत.

आणि भावनिक सोडा, कायदा बघा. १९७४ चा पारंपरिक कारागिरीचा कायदा आहे, त्यात मान्यता मिळायला शंभर वर्षांची रीत लागते, मुख्य काम हाताने लागतं, कच्चा माल परंपरेने चालत आलेलाच लागतो, पण त्याचबरोबर ती वस्तू लोकांच्या रोजच्या जगण्यात वापरली जाणारी हवी अशीही अट आहे. १०० नगांचा स्पीकर कोणाच्या रोजच्या जगण्यात आहे?

ताकभात

मातीकामशी सहमत. +१

रानपाखरू

@मातीकाम, अहो पण शेकड्याने वाडगे करायचे तर शेकड्याने घेणारे हवेत! जपानमध्ये या सगळ्या धंद्यांची मिळून उलाढाल १९८० च्या दशकात ५०० अब्ज येनच्या वर होती, ती आता १०० अब्जाच्या खाली आलीय. स्वस्त वाडगा चीनमधून येतो, प्लास्टिकचा येतो, डिशवॉशरमध्ये चालतो. यानागींच्या काळात तो अनामिक कारागीर स्वस्तात काम करत होता कारण तो गरीब होता, हे कोणी बोलतच नाही. आपल्याला त्याची गरिबी पण जपायची आहे का?

ताकाओकाच्या नोसाकूंचं बघा. १९१६ पासूनची ओतकाम करणारी मंडळी, देवघरातलं पितळी सामान बनवायचे आणि ते दुसऱ्याच्या नावाने विकलं जायचं. नवीन घरांत देवघरच नाही, कामं आटली. त्यांनी स्वतःची म्हणून हातात धरून वाजवायची घंटा काढली, ती पडूनच राहिली. मग दुकानात विकणाऱ्यांनी सुचवलं की नाद इतका गोड आहे तर वाऱ्यावर वाजणारी करून बघा, आणि ती धडाधड खपली. पुढे त्याच दुकानवाल्यांनी रोज हाताशी लागणारं काहीतरी मागितलं, त्यातून निव्वळ कथलाची भांडी आली. कथील फार मऊ, सगळे त्यात दुसरा धातू मिसळून ते कडक करतात, यांनी मिसळलंच नाही, वाकतं तर वाकू दे म्हणाले. आता त्यांची जाळीची सपाट तबकडी मिळते, हाताने ओढाल तशी टोपली होते, फळांना वेगळी, बाटलीला वेगळी. ही रोज वापरायची वस्तू नाही का?

नागोयाची_सई

मी नागोयाजवळ राहते, अरिमात्सु इथून लोकलने अगदी जवळ, म्हणून लिहितेय. तिथे १६०८ पासून शिबोरीचं काम चालतं, म्हणजे आपल्या बांधणीसारखंच कापड चिमटीत धरून दोऱ्याने आवळायचं आणि रंगात बुडवायचं. वाटसरू जुन्या तोकाइदो रस्त्याने जाताना इथून रंगीत टॉवेल घेऊन जायचे, त्यावर गाव मोठं झालं. लाकडी घरांची ती गल्ली अजून तशीच आहे. बांधणाऱ्या आज्यांना बघितलं तर डोळे कापडावर नसतातच, गप्पा चालू असतात आणि बोटं आपोआप गाठ घेत असतात, एकाच अंतराची, एकाच ताणाची. पण प्रत्येकीला एखाददुसरीच रीत येते, ती आयुष्यभर तीच बांधते, आणि एकेक आजी गेली की ती रीत गावातून कमी होते, असं तिथे कोणीही सांगेल.

या गावच्या शिबोरीवाल्या घरातला मुलगा, हिरोयुकी मुरासे, शिकायला युरोपात गेला आणि २००८ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला सुझुसान नावाचा ब्रँड काढला. सुती किमोनोच्या कापडाऐवजी काश्मिरी लोकर. लोकरीचे स्कार्फ, स्वेटर, दिव्यांच्या शेडसुद्धा. शिबोरी उलगडली की कापडावर टोकं उभी राहतात ना, साधारण लोक ती इस्त्रीने दाबतात, यांनी दिव्याच्या शेडमध्ये ती तशीच ठेवली, आत बल्ब लागला की प्रत्येक टोकाची सावली पडते. महाग आहे, हो. पण काम अरिमात्सुतच होतं आणि तिथे आता तरुण मुलं-मुली शिकायला येऊन राहिलीत. मातीकाम दादा, त्या मुलांना मी कोणत्या तोंडाने सांगू की तुम्ही श्रीमंतांसाठी बांधताय म्हणून ही खरी शिबोरी नाही?

तांबटवेस

पुण्याच्या तांबट आळीत लहानपण गेलं त्यामुळे मठारकामाचा ठोका कानात बसलेला आहे. निगाता प्रांतात त्सुबामेला ग्योकुसेन्दो म्हणून आहेत, १८१६ पासून, तांब्याच्या एकाच पत्र्याला ठोकत ठोकत किटली काढतात, आणि त्यातला सगळ्यात कठीण प्रकार म्हणजे तोटीसुद्धा त्याच पत्र्यातून उचलायची, झाळ नाही, जोड नाही. ठोकून पत्रा कडक झाला की तापवून मऊ करायचा, परत ठोकायचा. ज्याने कोणी साधा हंडा मठारताना पाहिलाय त्याला कळेल की तोटी तशी बाहेर काढणं म्हणजे काय आहे. त्यांच्याकडे आता नोकरीला तरुण मुली मोठ्या संख्येने आहेत, बसून ठोकतात. तिथे वस्तू काय बनवता यावर वाद नाही, किटली, पेला, काहीही, ठोका नीट पडला पाहिजे. मी रानपाखरूच्या बाजूने.

मातीकाम

@सई, मुलांना काहीच सांगू नका, त्यांचं काम चांगलंच आहे. माझा राग बदलताना काय गळून पडतं त्यावर आहे. नान्बुची लोखंडी किटली घ्या, इवाते प्रांतातली. खरी तेत्सुबिन चुलीवर, निखाऱ्यावर थेट ठेवायची, पाणी त्यातच उकळायचं. ओतून झाली की ती लालबुंद भट्टीत भाजतात, त्यामुळे आत ऑक्साइडचा पातळ थर येतो, तोच गंज धरू देत नाही, म्हणून आत हात लावायचा नाही, घासायचं तर नाहीच. पाण्याला चव येते ती त्यामुळे.

मग फ्रान्समधल्या चहावाल्यांनी रंगीत किटल्या मागितल्या. गुलाबी, जांभळ्या, पोपटी. आतून इनॅमल. आता ती चुलीवर ठेवता येत नाही, इनॅमल तडकतं, पाणी दुसरीकडे उकळून त्यात फक्त चहा मुरवायचा. बाहेरून तेच दाणे दाणे, पण किटलीचं किटलीपणच गेलं की! आणि जगभर लोकांना वाटतं हीच जपानची लोखंडी किटली. पुण्यात मुंबईत पण हीच विकत मिळते, लोक गॅसवर ठेवतात आणि मग रडतात.

रानपाखरू

दाणे दाणे म्हणालात ते तर हाताचंच काम आहे ना, वाळू-मातीचा साचा ओला असताना आतून एकेक ठिपका दाबायचा, म्हणजे ओतल्यावर बाहेर दाणा उठतो. रंगीत किटलीने ओतशाळांना काम मिळालं, त्याच ओतशाळांत तेत्सुबिन पण होते. पैसा कुठून तरी यायला हवा!

मातीकाम

सगळ्यांकडे नाही होत. स्वस्त रंगीत मालाचे साचे यंत्राने दाबतात. तिथे तुमचा तो शिकणारा हात कुठे आहे सांगा.

अपर्णा_के

मला तुमच्या दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट खटकतेय, वस्तू उपयोगाचीच हवी हे तुम्ही धरूनच चाललाय. क्योतोत १९४८ मध्ये काझुओ यागी आणि त्यांच्या मित्रांनी सोदेइशा नावाचा गट काढला, बहुतेक कुंभारांचे मुलगे. यागींनी १९५४ मध्ये चाकावर फिरवलेल्या नळ्या जोडून एक उभं चाकच केलं, त्यात ना फूल ठेवता येतं ना पाणी. लोक चिडले. पण ते सगळं चाकावरचंच काम होतं, बापाकडून शिकलेलं, आणि त्यानंतर जपानी मातीकाम कुठच्या कुठे गेलं.

आत्ताचं बघायचं तर गेन्ता इशिझुका, क्योतोचाच, २०१९ चा लोएवे क्राफ्ट प्राइझ, म्हणजे हस्तकलेचा पुरस्कार, त्याला मिळाला. सुपरमार्केटमध्ये जाळीच्या पिशवीत संत्री भरलेली असतात, त्यावरून त्याला सुचलं. थर्मोकोलचे गोळे ताणणाऱ्या कापडात भरायचे, त्यावर कापड आणि उरुशीचे, म्हणजे झाडाच्या चिकाच्या रोगणाचे थर, घासायचं, परत थर, परत घासायचं. कापडावर उरुशी चढवून आकार घडवायची ही रीत बाराशे वर्षांपूर्वी नाराच्या बुद्धमूर्तींना वापरलेली आहे! त्या मूर्तीत तरी कोण भात वाढून घेत होतं? काळा तुकतुकीत फुगीर आकार, त्यात बघणाऱ्याचं तोंड वाकडंतिकडं दिसतं, हात लावावासा वाटतो. मला त्यात जपान दिसतो, चहाच्या डब्यापेक्षा जास्तच.

आणि बांबूवाले तर गिऱ्हाईक असं अमेरिकेतच आहे म्हणून तगले. तानाबे चिकुउनसाइ चौथे, त्यांचे पणजोबा टोपल्या विणायचे, हे छताला भिडणारे वळसे विणतात, जपानमधल्याच कोची प्रांताचा वाघासारख्या पट्ट्यांचा बांबू, प्रदर्शन संपलं की सोडवायचा, त्याच पट्ट्या पुढच्या गावी परत विणायच्या. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये उभं केलं होतं. टोपलीच हवी म्हणून हट्ट धरला असता तर हे झालंच नसतं.

बिब्बा

सगळं वाचलं. उरुशीचा विषय निघालाच आहे तर मला वेगळंच म्हणायचंय, आणि थोडं लांबेल.

उरुशी म्हणजे झाडाचा चीक. आपली लाख किड्यापासून होते, तिचा याच्याशी संबंध नाही. याचं भाऊबंद आपल्याकडे शोधायचं तर बिब्बा, एकाच कुळातले, आणि बिब्बा जसा उततो तशीच उरुशी पण उतते, नवीन शिकाऊ पोरांचे हात आणि तोंड सुजतात. ती वाळत नाही, दमट हवेत घट्ट होते, म्हणून लाकडी कपाटात पाणी शिंपडून त्यात भांडी ठेवतात. झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की जून ते ऑक्टोबर दर चारपाच दिवसांनी त्यावर एक आडवी चीर, मागच्या चिरेच्या वर, थोडी लांब. कारागीर थेंब थेंब खरवडून घेतो. अख्ख्या हंगामात एका झाडातून साधारण २०० ग्रॅम. मग झाड तोडतात, बुंध्यातून नवा कोंब येतो त्याला परत तेवढीच वर्षं.

जपानमध्ये वापरली जाणारी ९० टक्क्यांहून जास्त उरुशी चीनमधून येते. देशातली बहुतेक इवातेतल्या जोबोजी भागातली. ती टिकली कशी माहितीये? ना स्पीकरने, ना शिल्पाने, ना अनामिक वाडग्याने. २०१५ मध्ये सांस्कृतिक खात्याने ठरवलं की राष्ट्रीय ठेवा असलेल्या देवळांच्या दुरुस्तीला देशातलीच उरुशी लावायची. एकदम मागणी वाढली, झाडं लावणं सुरू झालं.

आता वाजिमा, उरुशीच्या भांड्यांचं गाव. तिथली भांडी करताना काठाला कापड चिकटवतात, मग त्या भागात मिळणारी खास माती भाजून, पूड करून उरुशीत कालवतात आणि तिचे थर देतात, त्यामुळे वाडगा पिढ्यानपिढ्या टिकतो. शंभराच्या वर पायऱ्या. पण लाकूड कातून वाडगा घडवणारा कातारी वेगळा, थर देणारा वेगळा, घासणारा वेगळा, शेवटचा हात देणारा वेगळा, सोन्याचं नक्षीकाम करणारा वेगळा. पुरस्कार मिळतो तो शेवटच्याला, नाहीतर डिझायनरला. अपर्णाताई, तुमचा इशिझुका मला पण आवडतो, पण एक शिल्प वर्षभर चालतं आणि त्याला कातारी लागतच नाही. कातारी जगायला वाडगेच हवेत, हजारांनी. उरुशीचे ब्रश माणसाच्या केसांचे असतात, ते बनवणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यांचं नाव इथे अजून कोणी घेतलं नाही.

१ जानेवारी २०२४ ला नोतोचा भूकंप झाला, ७.६ चा, वाजिमाच्या सकाळच्या बाजाराचा सगळा भाग जळला, सप्टेंबरमध्ये त्याच गावाला पूर आला. एक कातारी गाव सोडून गेला तर मागच्या पुढच्या चारजणांचं काम अडतं. तुमची सगळी चर्चा शेवटच्या माणसाने काय करावं यावर चाललीय.

ताकभात

बिब्बा, कातारी गेला की बाकीचे अडतात हे डोक्यातच आलं नव्हतं. सरकार यात काही करतं का? ते "जिवंत राष्ट्रीय ठेवा" वगैरे असतं ना?

नागोयाची_सई

करतं. १९५० च्या कायद्यात मुळं आहेत, १९५५ पासून माणसांना मान द्यायला लागले, आणि वर्षाला २० लाख येन मिळतात, ते शिष्य तयार करायला, स्वतःच्या चैनीला नाहीत. वाजिमात प्रांत सरकारची उरुशी शिकवणारी संस्था आहे १९६७ पासून, तिथे हे ठेवा झालेले गुरू स्वतः शिकवतात.

मातीकाम

बिब्बांनी माझंच म्हणणं पुढे नेलं, वाडगे हजारांनी. फक्त ते मी म्हणालो की गरिबी जपणं होतं.

रानपाखरू

नाही हो, हजारांनी वाडगे हे छानच, पण ते घेणार कोण याचं उत्तर बिब्बांनीही दिलं नाही. देवळं किती घेतील? एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान किशिदा अमेरिकेला गेले तेव्हा त्यांनी बायडन दांपत्याला वाजिमाचे उरुशी केलेले कॉफीचे कप दिले, भूकंपात सापडलेल्या तरुण कारागिरांनी केलेले. कॉफीचा कप! मिसो सूपचा वाडगा नाही. कातारी त्याला लागला, थर देणारा लागला, घासणारा लागला, सगळी साखळी लागली. आणि कॉफी तर जपानमध्ये घराघरात पितात. मला हेच म्हणायचंय, साखळी तीच ठेवा, शेवटी बाहेर येणारी वस्तू आजच्या घरातली असू द्या.

अपर्णा_के

आणि माझ्या मते त्या साखळीतल्या एखाद्याला कपही करायचा नसेल, नुसता आकारच करायचा असेल, तर त्यालाही त्याच संस्थेत जागा हवी. नाहीतर हुशार मुलं येणारच नाहीत.

बिब्बा

कप चालेल मला. घरी वापरायला घेणारा असेल तर नक्कीच चालेल, नुसता राष्ट्राध्यक्षांना द्यायला नको. पण कपाला पण उरुशी लागते आणि चिरा मारणारा लागतो, तो कुठून आणणार?

नागोयाची_सई

त्याचं थोडं माहितीये. जोबोजी ज्या निनोहे शहरात येतं त्यांनी बाहेरगावच्या लोकांना चीक काढायचं काम शिकायला बोलवायला सुरुवात केलीये, सरकारची एक योजना आहे गावाकडे राहायला येणाऱ्यांना पगार देणारी, त्यातून. जुन्या लोकांबरोबर झाडावर काम करत शिकायचं. हे चीक काढण्याचं काम २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेलं, लाकडी इमारती जपायच्या कौशल्यांबरोबर. हंगाम जूनमध्ये सुरू होतो. इथल्या कोणाला उन्हाळ्यात जपानला यायचं असेल तर तोक्यो-क्योतो करून परत न जाता निनोहेला पण जा, शिंकानसेन (बुलेट ट्रेन) थेट तिथे थांबते.